मामाची कार्डं: वाटणी की मांडणी?

आई गेल्यानंतर तिघा भावंडांत जी वाटणी झाली, तिच्यात मोठ्या गोष्टींचे निकाल झटपट लागले. अडलं ते एका पत्र्याच्या डब्यापाशी. डब्यात सव्वादोनशेच्या आसपास पिक्चर पोस्टकार्डं होती. आठ-दहा सोडली तर सगळी एकाच माणसाने पाठवलेली: आईचा धाकटा भाऊ, म्हणजे या तिघांचा मामा. तो व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये कामाला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बोटीवर चढला, ऐंशीच्या दशकात कायमचा उतरला. मधल्या काळात बंदर लागलं की ताईला कार्ड टाकायचं हा त्याचा शिरस्ता. मामाही आता नाही.

डब्याबद्दल तिघांची तीन मतं होती. दादांना सरळ तीन वाटे हवे होते. मधलीला देखणी कार्डं निवडून फ्रेम करायची होती, उरलेल्यांचं काय करायचं ते तिने बोलून दाखवलं नाही. धाकटीचं काहीच ठरत नव्हतं, म्हणून ती मला घेऊन गेली. जुने कागद हाताळायची मला सवय आहे, एवढंच त्यामागचं कारण. कुटुंबाचं नाव, गाव, जहाजांची नावं इथे घेत नाही. बाकी जे लिहिलं आहे ते त्यांना दाखवून लिहिलं आहे.

तिघंही बोलत होते ते चित्राची बाजू वर ठेवून. चित्र छापणाऱ्याने हजारोंनी छापलेलं असतं, तेच कार्ड आजही कुणाच्या तरी संग्रहात किंवा जुन्या कागदांच्या विक्रीत सापडतं. या घराचं म्हणून जे काही आहे ते पाठीवर आहे, आणि तेही एकेका कार्डात फारसं नाही. ‘प्रकृती बरी आहे, उद्या निघतोय, पुढचं पत्र अमुक पत्त्यावर टाक’ अशा धर्तीचा चार ओळींचा मजकूर. अशी दीडशे-दोनशे कार्डं ओळीने वाचली की मगच त्यातून माणूस दिसायला लागतो. म्हणून वाटणी थोडी थांबवा, आधी क्रम लावू, असं मी सुचवलं. दादांना हा वेळकाढूपणा वाटला आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलंही.

सुटलेले गठ्ठे

आईने कार्डं नाडीने बांधून गठ्ठे करून ठेवली होती. मी पोचेपर्यंत सगळ्या नाड्या सुटल्या होत्या आणि चादरीवर देशवार ढीग लागले होते: इटली इकडे, हॉलंड तिकडे, जहाजांची चित्रं वेगळी. अभिलेखागारात काम करणारी माणसं आलेल्या कागदांचा मूळ क्रम सहसा मोडत नाहीत, कारण कागद ज्याने जसे लावले त्या लावण्यातही माहिती असते. आईने गठ्ठे वर्षांप्रमाणे केले होते, बोटींप्रमाणे केले होते, की जशी कार्डं येत गेली तशी एकावर एक ठेवली होती? हे कळायचा सरळ मार्ग त्या दुपारी बंद झाला. नाडी सोडण्याआधी मोबाइलवर गठ्ठ्याच्या कडेचे चार फोटो काढले असते तरी पुरलं असतं.

पण एक आडवाट निघाली. कधीतरी डब्यात ओल शिरली होती आणि एका गठ्ठ्याने ती पिऊन घेतली होती. साधारण चाळीस कार्डांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग होता. पाणी एका बाजूने शिरलं की डाग पहिल्या कार्डावर सगळ्यात मोठा असतो आणि आत जाताना आकसत जातो. त्याच्या कडेचा आकार मात्र शेजारच्या दोन कार्डांवर जवळजवळ सारखा येतो. आम्ही ही चाळीस कार्डं देशांच्या ढिगांतून बाहेर काढली, चित्राकडे न पाहता फक्त डागांच्या आकाराने लावत गेलो. धाकटीच्या मुलीचा हात यात चांगला बसला. तिने दोन ठिकाणी आमचा क्रम बदलायला लावला आणि दोन्ही ठिकाणी तिचंच बरोबर होतं, कारण कसरीने पाडलेलं एक भोक सलग सहा कार्डांतून आरपार गेलेलं तिने दाखवलं.

चाळीस कार्डं लागल्यावर त्यांतली ज्यांच्यावर तारीख वाचता येत होती तेवढी पाहिली. तारखा ओळीने पुढे सरकत होत्या. म्हणजे आई कार्डं आली तशी एकावर एक ठेवत होती आणि गठ्ठा जाड झाला की बांधत होती. बाकीच्या गठ्ठ्यांना ओल लागली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरे पुरावे शोधावे लागले. डब्यातल्या ओलीचे आभार मानायची वेळ क्वचितच येते.

तिकिटं कुठे गेली

पोस्टकार्डाची तारीख कळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पोस्टाचा शिक्का, आणि शिक्का बसतो तिकिटावर. इथे शंभराहून जास्त कार्डांवरची तिकिटं काढलेली होती. कुणी काढली हे विचारायची गरज पडली नाही. दादा म्हणाले, “माझ्याकडे अल्बम आहे.” शाळेत असताना त्यांना तिकिटं जमवायचा नाद होता आणि मामाची कार्डं हा त्यांचा मुख्य पुरवठा होता. ओला कापूस ठेवून ते तिकीट सोडवायचे. काही कार्डांचा कोपराच फाटून आलेला होता.

या घडीपासून प्रकरणाची दिशा बदलली. हाताने मारलेला गोल शिक्का बहुतेक वेळा अर्धा तिकिटावर आणि अर्धा कार्डावर पडतो. तिकीट निघालं तरी कार्डावर कमान उरते, आणि तिकिटावर उरलेली कमान तिला जुळायला हवी. दादा अल्बम घेऊन बसले. देश आधीच ठाऊक, त्यामुळे पर्याय थोडे. कमानीची जाडी, अक्षरांचे तुटलेले भाग आणि शाईचा रंग जुळवत त्यांनी निम्म्याहून अधिक तिकिटांना त्यांची कार्डं शोधून दिली. जो माणूस तीन वाटे करून मोकळा होणार होता, तो आता रात्री भिंग घेऊन बसत होता.

यंत्राने मारलेल्या शिक्क्यांच्या बाबतीत तर नशीबच उघडलं. अनेक देशांच्या यंत्रशिक्क्यांत तारखेचा गोल डावीकडे असतो आणि उजवीकडे नागमोडी रेषा किंवा एखादी घोषणा. तिकीट कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असतं, त्यामुळे तिकिटाबरोबर फक्त रेषा जातात आणि तारखेचा गोल कार्डावर शाबूत राहतो. कित्येक कार्डांवर तारीख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण तिकीट नाही म्हणजे तारीखही गेली असं गृहीत धरून कुणी पाहिलंच नव्हतं. पुसट गोल वाचायला टॉर्च कार्डाच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरली. शिक्क्याचा दाब कागदात उतरला असेल तर शाई गेली तरी खड्डा दिसतो.

जुळलेली तिकिटं परत चिकटवायची नाहीत, यावर मी अडून बसलो. डिंक लावला की पुढच्या माणसाला मूळचं कोणतं आणि आपलं कोणतं हे कळत नाही. तिकीट अल्बमातच राहिलं, शेजारी कार्डाचा क्रमांक पेन्सिलीने लिहिला आणि दोन्ही शेजारी ठेवून एक स्कॅन केला.

एका कार्डाच्या चार तारखा

तरीही पन्नास-साठ कार्डं उरली, ज्यांवर शिक्काच नव्हता किंवा वाचता येत नव्हता. काही पाकिटातून आलेली असणार. इथे चित्राच्या बाजूची गरज पडते, आणि इथेच घोटाळेही होतात. एका कार्डाला चार तारखा असतात: फोटो काढल्याची, कार्ड छापल्याची, मजकूर लिहिल्याची आणि पोस्टात पडल्याची. पहिली आणि शेवटची यांत पंधरा-वीस वर्षांचं अंतर पडू शकतं, कारण दुकानदार जुना माल संपेपर्यंत विकतो. म्हणून चित्रावरून बहुतेक वेळा एवढंच सांगता येतं की कार्ड अमुक वर्षाच्या आधीचं नाही. ‘नंतरचं नाही’ हे चित्र सहसा सांगत नाही. मधलीला हे पटायला वेळ लागला, पण पटल्यावर तिनेच वहीत दोन रकाने आखले, ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’, आणि तिसरा ‘कशावरून’. हा तिसरा रकाना नसेल तर बाकीच्या दोनांवर मी विश्वास ठेवत नाही.

रॉटरडॅमची अकरा कार्डं होती. तिथला युरोमास्ट मनोरा १९६० साली उभा राहिला तेव्हा १०१ मीटर उंच होता. १९७० साली त्याच्या डोक्यावर आणखी एक उभा खांब चढवून उंची १८५ मीटर केली गेली. दोन्ही रूपं चित्रात चटकन ओळखू येतात. उंच मनोरा दिसला की कार्ड १९७०च्या आधीचं नाही. सिडनीच्या कार्डावर ऑपेरा हाउसच्या अर्धवट कमानींभोवती क्रेन होत्या. बांधकाम १९५९ मध्ये सुरू होऊन इमारतीचं उद्घाटन ऑक्टोबर १९७३ मध्ये झालं, म्हणजे फोटो त्या मधला. लिस्बनच्या कार्डावर टॅगस नदीवरच्या पुलाचं नाव ‘सालाझार पूल’ असं छापलेलं होतं. हा पूल ऑगस्ट १९६६ मध्ये खुला झाला आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथे क्रांती झाल्यावर त्या दिवसाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. एका अमेरिकन कार्डाच्या कोपऱ्यात ‘६डीके’ असा सुरू होणारा क्रमांक होता. शिकागोच्या कर्ट टाइक या मोठ्या छापखान्याची ही पद्धत: अक्षर दशकाचं, अंक वर्षाचा. ए म्हणजे तिसाचं दशक, बी चाळिसाचं, सी पन्नासाचं, डी साठाचं. तेव्हा हे कार्ड १९६६ मध्ये छापलेलं. त्या छापखान्याचा संग्रह आता शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

दादांच्या अल्बमातली सुटी तिकिटंही बोलत होती. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ ला नाण्यांची दशमान पद्धत घेतली, त्यामुळे कमी किमतीचं नव्या पेन्सचं तिकीट त्या दिवसाआधीच्या कार्डावर असू शकत नाही. कोलंबोच्या तिकिटांवर सिलोन जाऊन श्रीलंका आलं ते मे १९७२ नंतर.

मला सगळ्यात जास्त आवडलेला पुरावा मात्र पत्त्यात होता. मामा ताईचं नाव आधी ‘कु.’ लावून माहेरच्या आडनावाने लिहायचा, मग ‘सौ.’ आणि नवं आडनाव. लग्नाची तारीख घरात सगळ्यांना पाठ. पुढे घर बदललं, पत्ता बदलला. थोरल्याच्या जन्मानंतर शेवटी ‘बाळास आशीर्वाद’ आला आणि मग बाळांची संख्या वाढत गेली. मजकुरात एक शब्द नवा नसला तरी या तळटिपांवरून कार्ड दोन-चार वर्षांच्या पट्ट्यात बसवता येतं. शिवाय हे ज्ञान कुठल्या संग्राहकाकडे मिळत नाही, घरातल्याच माणसांकडे असतं.

ती जी आठ-दहा कार्डं मामाची नव्हती, ती आईच्या आजोबांना आलेली होती. त्यांतल्या दोनांवर चित्राच्याच कडेने बारीक अक्षरांत मजकूर होता. कुणीतरी चित्र खराब केलं असं घरात समजत होते. तसं नाही. सुरुवातीला पाठ फक्त पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे लिहायचं ते चित्राच्या बाजूला. पाठीवर मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने मार्च १९०७ मध्ये. पाठीवर रेघ नसलेलं कार्ड दिसलं की ते साधारण या काळाच्या आधी छापलेलं.

मामा रुसला होता का

घरात एक गोष्ट चालत आलेली होती. आजोबा गेले तेव्हा मामा बोटीवर होता, येऊ शकला नाही. नंतर घराच्या वाटणीवरून त्याचं आणि ताईचं काहीतरी बिनसलं आणि काही वर्षं त्याने पत्रं जवळजवळ बंद केली. आईने यावर कधी काही सांगितलं नाही. मुलांनी ते तसंच धरलं होतं.

क्रम लागल्यावर ही वर्षं समोर आली. १९६७ च्या सुरुवातीपर्यंत कार्डं दाट येतात: एडन, पोर्ट सैद, जिनोआ, मार्सेय, आणि परत येताना तीच बंदरं उलट क्रमाने. पोर्ट सैदचं एकच चित्र तीनदा आलेलं आहे. मधली त्यातली दोन ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला काढणार होती. तिन्हींवरच्या तारखा वेगळ्या, मजकूर वेगळा. मामाने एकदम गठ्ठा घेऊन ठेवला असावा आणि दर फेरीला त्यातलं एक टाकलं असावं. १९६७ च्या मध्यानंतर एडन आणि पोर्ट सैद दोन्ही एकदम गायब होतात. त्यांच्या जागी डाकार आणि लास पाल्मास येतात आणि दोन कार्डांतलं अंतर कधी दोन, कधी तीन महिन्यांवर जातं.

जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि तो उघडला थेट ५ जून १९७५ ला. आठ वर्षं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. पर्शियन आखातातून रॉटरडॅमकडे सुएझमार्गे साधारण साडेसहा हजार सागरी मैल पडतात, केपमार्गे अकरा हजारांच्या वर. त्या काळच्या मालवाहू जहाजाच्या चालीने एका बाजूला दोन आठवडे जास्त, आणि वाटेत उतरायला मिळेल अशी बंदरं कमी. लास पाल्मास, डाकार ही तेल-पाणी घ्यायची ठिकाणं. पत्र टाकायला तीच मिळत होती.

हे कळल्यावर धाकटी एकदम मोकळी झाली. मामा रुसलाच नव्हता, कालवा बंद होता! मला मात्र एवढं सोपं वाटत नाही आणि मी ते तिला सांगितलं. कार्डं विरळ का झाली याचं उत्तर कालव्यात आहे, हे खरं. पण त्याच काळात मजकूरही आटला आहे. आधी तो घराचं छप्पर, विहीर, शेजारी सगळ्यांची विचारपूस करायचा. १९६८ च्या मध्यापासून चार वर्षं घराचा उल्लेख एकदाही नाही, फक्त हवामान आणि तब्येत. कालवा बंद झाल्याने कुणी छपराची चौकशी सोडत नाही. तेव्हा घरात चालत आलेली गोष्ट अर्धी पडली आणि अर्धी उभी राहिली. ही अर्धी गोष्टही कुठल्याच एका कार्डात लिहिलेली नाही. कार्डं तीन घरांत गेली असती तर ती कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मामेभावाकडची वही

तक्ता बऱ्यापैकी भरल्यावर धाकटीने मामीला फोन केला. “मामी, मामाचे बोटीचे काही कागद आहेत का गं?” मामीने मुलाकडे पाठवलं आणि मामेभावाकडे मामाची सीडीसी निघाली. खलाशाच्या या पुस्तिकेत तो कोणत्या जहाजावर, कोणत्या तारखेला, कुठे चढला आणि कुठे उतरला याची नोंद शिक्क्यासकट असते. मधली बंदरं त्यात नसतात, पण कोणत्या काळात माणूस समुद्रावर होता आणि कोणत्या काळात घरी, हे पक्कं कळतं. मामा बहुतेक कार्डांत जहाजाचं नाव लिहायचा, त्यामुळे पडताळा सहज होता.

बरेचसे अंदाज टिकले. लिस्बनचा टिकला नाही. पुलाच्या छापील नावावरून मधलीने ‘यानंतर नाही’ च्या रकान्यात १९७४ लिहिलं होतं, पण कार्डात ज्या जहाजाचं नाव आहे त्यावर मामा चढला तोच १९७५ च्या हिवाळ्यात. म्हणजे क्रांती होऊन दीड वर्षाहून जास्त काळ गेल्यावरही जुन्या नावाचं कार्ड विकलं जात होतं. बुटक्या युरोमास्टचंही एक कार्ड १९७२ चं निघालं. दोन्ही ठिकाणी फसवलं ते एकाच गोष्टीने, दुकानातल्या जुन्या मालाने. एक कार्ड कशातच बसलं नाही. अक्षर मामाचं, शिक्का स्वच्छ, आणि त्या महिन्यात पुस्तिकेप्रमाणे मामा घरी रजेवर. लिहून सोबत्याजवळ दिलं आणि त्याने उशिरा टाकलं असेल, असं मामेभाऊ म्हणतो. शक्य आहे. तक्त्यात त्यापुढे ‘न जुळणारं’ एवढंच लिहिलं आहे.

दाखवायचं कुणाला, किती

स्कॅनिंगचा भाग कंटाळवाणा, म्हणून थोडक्यात. दोन्ही बाजू, ६०० डीपीआय, कडा न कापता, मूळ फाइल टिफमध्ये आणि पाठवायला वेगळी जेपेग. फाइलचं नाव तारखेने न देता क्रमांकाने दिलं, कारण तारीख नव्या पुराव्याने बदलते, क्रमांक बदलायचं कारण नसतं. ही सूचना धाकटीच्या मुलीची. ती पोस्टक्रॉसिंगवर जगभर कार्डं पाठवते आणि २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या त्या उपक्रमात प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो. क्रमांक पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिला, आणि ज्या पाठी गुळगुळीत होत्या त्यांचा क्रमांक पाकिटावर. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची. पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम मधलीने आधीच आणून ठेवले होते, ते परत पाठवले. पीव्हीसीतून निघणारी द्रव्यं कागदाला आणि शाईला खातात, आणि चिकट पानावरून कार्ड काढताना पाठीची साल निघते, म्हणजे मजकूरच जातो.

नातेवाइकांना दाखवण्यात मात्र खरी गंमत होती. पहिल्यांदा धाकटीने बरीचशी कार्डं एकाच फटक्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. चाळीस जणांकडून हृदयं आणि जोडलेले हात आले, माहिती शून्य. शिवाय फोटो म्हणून पाठवल्यावर व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं. नंतर पद्धत बदलली: आठवड्याला चार-पाच कार्डं, डॉक्युमेंट म्हणून, आणि प्रत्येकासोबत एकच नेमका प्रश्न. ‘यात मामा ज्या छोटीला आशीर्वाद देतो ती कोण?’ यावर तीन आत्या आणि एका काकांत जे जुंपलं त्यातून चार कार्डांच्या तारखा सुटल्या. जुनी माणसं ‘आठवणी सांगा’ म्हटलं की गप्प बसतात. चुकीचं काहीतरी समोर ठेवलं की लगेच बोलतात.

बाहेर सर्वांसाठी उघडं ठेवायचं का, हा प्रश्न मधलीने काढला. कार्ड ज्याला आलं त्याच्या मालकीचं होतं, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. चित्राचा हक्क आणखी तिसऱ्याचाच. म्हणजे मामाच्या मुलाची परवानगी हवी. ती त्याने दिली, पण पत्ते झाकून. मला ते योग्य वाटलं.

तीन कार्डांवर अडलं. त्यांत मामाच्या पहिल्या ठरलेल्या आणि मग मोडलेल्या लग्नाबद्दल होतं, आणि ज्या बाईंशी ठरलं होतं त्या आजही आहेत, नात्यातच आहेत, त्यांच्या घरात हे ठाऊक आहे की नाही कुणाला माहीत नाही. दादा म्हणाले, फाडून टाका. धाकटी म्हणाली, त्यांनाच विचारू. फाडायला मी ठाम नकार दिला. विचारायलाही माझा विरोध होता, कारण विचारणं म्हणजेच सांगणं. शेवटी तिन्ही कार्डं जागच्या जागी, त्यांच्या क्रमांकासह ठेवली. तक्त्यात पुढे ‘मजकूर तूर्त बंद’ असं लिहिलं, स्कॅन तिघा भावंडांशिवाय आणि मामेभावाशिवाय कुणाकडे नाहीत. क्रमांक वगळले असते तर कुणीतरी कधीतरी मोजणी करून कार्डं हरवली म्हणून शोधत बसलं असतं.

वाटणीचं काय झालं

मूळ कार्डं सगळी एकत्र, धाकटीकडे. तिच्याकडे जागा जास्त म्हणून नाही, तर पुढच्या पिढीत रस घेणारी मुलगी तिची म्हणून. प्रत्येक घराला दोन्ही बाजू छापलेलं, क्रमाने लावलेलं एक पुस्तक आणि सगळ्या फाइलींची एक प्रत. मामेभावालाही. मधलीला फ्रेमसाठी मूळ कार्डांऐवजी छापील प्रती दिल्या. मूळ कार्ड उजेडात टांगलं की शाई उडते, आणि फ्रेममध्ये पाठ भिंतीकडे जाते हे मला तर त्याहून वाईट वाटतं. ती थोडी हिरमुसली. तिच्या मते घरात दिसत नाही ती गोष्ट घरातली नव्हेच, आणि यावर आमचं आजही एकमत नाही. तिकिटांचा अल्बम दादांकडे राहिला, पण त्याच्या मुखपृष्ठाच्या आत कार्डांचा डबा कुठे आहे ते लिहून ठेवलं आहे.

मूळ कार्ड हाताळायला कुणाला हवं असेल तर एका वेळी दहापर्यंत नेता येतात. नेलेल्या कार्डाच्या जागी नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, असं ठरलं आहे. सध्या डब्यात चिठ्ठ्या आहेत त्या सगळ्या रॉटरडॅमच्या जागी, आणि सगळ्यांवर दादांचं नाव आहे.